रेंज कुणाच्या बापाची?

मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित पोराला ठार मारलं. गुन्हा काय? खिशातला मोबाइल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. टोळक्यानं ‘बंद कर’ म्हटलं, मारहाण केली, उचलून नेलं आणि संपवलं. एवढंच.

त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल २०१५ मध्ये, याच देशातल्या दहा लाखांवर लोकांनी दिल्लीतल्या टेलिकॉम नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, इमेल पाठवले होते. मागणी काय? तर इंटरनेटवर सगळे समान पाहिजेत. तारेतून जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीशी कंपनीनं दुजाभाव करता कामा नये. ही मोठी आणि बरोबर मागणी होती. फक्त त्याच तारेच्या टोकाला गाणं वाजलं तेव्हा गाण्याची जात बघितली गेली, आणि त्याबद्दल दिल्लीला दहा लाख इमेल गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मित्रांनो, मी कुणाला कमी लेखायला हे लिहीत नाही. त्या दहा लाखांत मीही होतो. होस्टेलमधल्या एका पोराच्या लॅपटॉपवरून मी तो इमेल धाडला. ट्रायनं वीस प्रश्न विचारले होते, सगळे इंग्रजीत, आणि त्यांची उत्तरंही कुणीतरी इंग्रजीत तयार करून ठेवली होती. आपण खाली नाव टाकायचं आणि बटण दाबायचं. त्या वीसातले मला चार समजले. पण बटण दाबताना छाती फुगली, हे खोटं कशाला बोलू? मग ट्रायनं काय केलं, तर सगळ्यांचे इमेल पत्त्यांसकट उघड्यावर टांगले. आपल्यासारख्याचा पत्ता पहिल्यांदाच सरकारदरबारी छापून आला, तो असा.

तर तो झगडा होता काय? सोपं आहे. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडतो ते किती लांब जायचं यावर. तू कुणाकडं चाललास, तिथं जेवणार की भांडणार, हे विचारून तो भाडं ठरवत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनंही असंच वागावं, हे त्या मागणीचं सार. पण एअरटेलनं ‘एअरटेल झीरो’ काढलं. दुकानदारानं कंपनीला पैसे चारायचे, मग गिऱ्हाइकाला ते दुकान फुकट दिसणार. ज्या दुकानदाराकडं चारायला पैसे नाहीत, त्याच्या दुकानात जायला गिऱ्हाइकानं पदरचे मोजायचे. फ्लिपकार्ट त्यात जाणार होती. लोकांनी तिच्या अ‍ॅपला एकेक चांदणी देऊन एवढं झोडपलं, की १४ एप्रिलला तिनं अंग काढून घेतलं. त्या दिवशी आपण जयंतीच्या मिरवणुकीत होतो. डीजेच्या आवाजात आपल्याला पत्ताही लागला नाही, की देशात बाजाराच्या मालकांना कुणीतरी मागं रेटलंय.

मग आला खरा मोठा मासा. फेसबुक. त्यानं फेब्रुवारी २०१५ मध्येच अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सशी पाट लावून ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ आणलं होतं. शिव्या पडायला लागल्या तसं सप्टेंबरात नाव बदललं आणि ‘फ्री बेसिक्स’ केलं. म्हणजे काय तर फेसबुकच्या अटीत बसणाऱ्या थोड्या साइट फुकट, त्यात फेसबुक स्वतः आलंच. बाकीचं जग पैसे टाकून. गरिबाला इंटरनेट देतो म्हणाले. दिली खिडकी, आणि खिडकीतून दिसत होतं मालकाचंच अंगण.

२८ डिसेंबर २०१५ ला मार्क झुकरबर्गनं टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता, गणेश नावाचा. हा गणेश फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, त्याचं भलं झालं, आता याच्या आड कोण येईल, असा एकूण सूर. शिवाय पान पान जाहिराती. मी तो लेख दोनदा वाचला. गणेशला जमीन किती, सातबारा कुणाच्या नावावर, त्याच्या रानात खुरपायला कोण येतं, तिला दिवसाला काय मिळतं, यातलं काहीही लेखात नाही. कॅलिफोर्नियात बसून बघितलं की महाराष्ट्रातला खेडूत म्हणजे शेतकरी, आणि शेतकरी म्हणजे जमिनीचा धनी. जिच्याकडं कोपराएवढी जमीन नाही तिला कांद्याचा भाव फुकट दाखवून काय उपयोग? तिला मजुरीचा भाव पाहिजे. तो कुठल्याच फुकटच्या साइटवर नव्हता.

पण दुसऱ्या बाजूचं काय? बंगळुरू, दिल्ली, मुंबईतली इंग्रजी शिकलेली पोरं, वकील, पत्रकार, कंपन्या काढणारे. लढले. जीव तोडून लढले. पण तेही बोलत होते गरिबाच्याच नावानं. ‘गरिबाला तुटकं इंटरनेट देऊ नका.’ इकडून गरीब, तिकडून गरीब. दोन्हीकडं गरीब हे नुसतं अनेकवचन. त्याला तोंड नाही, गाव नाही, जात तर नाहीच नाही. कुणी वस्तीत येऊन विचारलं नाही, की बाबांनो, तुम्हाला काय पाहिजे? ट्रायचा कागद मराठीत नव्हता. आपल्या नावानं चाललेल्या खटल्यात आपण साक्षीदारही नव्हतो.

फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांना तयार मजकूर हातात दिला, दाबा बटण, पाठवा ट्रायला. एकूण चोवीस लाखांच्या आसपास प्रतिक्रिया गेल्या, त्यात जवळजवळ एकोणीस लाख फेसबुकच्या छापाच्या. म्हणजे आपली एप्रिलची युक्ती त्यानं आपल्यावरच उलटवली. आकड्यांनी निकाल लागायचा असता तर फेसबुक जिंकलं असतं. पण ट्रायनं जानेवारी २०१६ मध्ये त्याला लिहिलं, की सल्लामसलतीची तुम्ही ओबडधोबड मतमोजणी करून टाकलीत. आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम काढला. तारेतून काय जातंय ते बघून वेगवेगळे दर लावायचे नाहीत. मोडलं तर दिवसाला पन्नास हजार दंड, जास्तीत जास्त पन्नास लाख. तीन दिवसांत फ्री बेसिक्सनं भारतातून गाशा गुंडाळला. तेव्हा फेसबुकच्या संचालक मंडळावर असलेला मार्क अँड्रीसन बरळला, की वसाहतवादाच्या विरोधानं भारताचं आजवर वाटोळं केलंच आहे, मग आता तरी कशाला थांबा. मग माफी मागितली. पोटातलं ओठावर आलं, एवढंच.

आपल्यातले काही शहाणे तेव्हा म्हणत होते, आणि अजून म्हणतात, की फुकट मिळत होतं ते का घालवलं? काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं. त्यांना मी एकच विचारतो. उष्ट्या भाकरीचा हिशोब आपल्याला कोण शिकवणार? काहीच नसण्यापेक्षा उष्टं बरं, मेलेलं ढोर बरं, हे आपल्या बापजाद्यांना शेकडो वर्षं ऐकवलं. महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, सोडा ते. सोडलं. पोटाला चिमटा घेऊन सोडलं. तेव्हा फ्री बेसिक्स गेलं ते बरं झालं, आणि ज्यांनी घालवलं त्यांना माझा जयभीम.

प्रश्न पुढचा आहे. जिंकल्यावर ते घरी गेले.

त्याच दिवसांची आणखी एक तारीख सांगतो. १७ जानेवारी २०१६. पेपरांतून गरिबाला जोडण्याच्या जाहिराती चालू होत्या, ट्रायचा निकाल तीन आठवड्यांवर होता, आणि हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून काढलेला, शिष्यवृत्ती अडकलेली. त्याचं पत्र रात्रीतून लाखो फोनांवर फिरलं. मलाही ते फोनवरच मिळालं, आणि मी ते वाचून पुढं धाडलं. तो जगला असता तर कुठल्या बाजूला उभा राहिला असता, हे मी त्याच्या तोंडी घालणार नाही. पण इंटरनेट आपल्यासाठी काय आहे ते मला त्या रात्री कळलं. बाजारभाव नव्हे. आपल्या मेलेल्याची बातमी आपल्यापर्यंत पोचणं, दुसऱ्याच्या हातून न जाता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. ट्रायचा नियम काय म्हणत होता? एक साइट फुकट आणि दुसरी महाग असं करू नका. सगळंच फुकट वाटलं तर? त्याला बंदी नव्हती. नियमात भेदभावाला मनाई होती, मक्तेदारीला नव्हती. ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. जाहिरातीत पंतप्रधानांचा फोटो. देशात एक जीबी डेटा त्याआधी अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचा, तो पुढं दहा-अकरा रुपयांवर आला. आपण नाचलो. का नाचू नये? वस्तीतल्या पोराच्या हातात पहिल्यांदा अख्खं जग आलं. भाषणं आली, गाणी आली, आपले यूट्यूब चॅनेल निघाले. ज्याला पेपरवाले दारात उभं करत नव्हते तो फोनसमोर उभा राहून बोलायला लागला. हे खरं आहे आणि हे विसरून जो टीका करील तो पांढरपेशा.

पण बाजारात फुकट काही नसतं. एअरसेल बुडाली. अनिल अंबानींची कंपनी बुडाली. टाटांनी आपलं दुकान एअरटेलला देऊन टाकलं. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या अजून उठल्या नाहीत. आणि बीएसएनएल, जी तुमची-माझी, तिला फोर-जी देशभर मिळायला २०२५ उजाडलं. खाजगीवाले तोवर फाइव्ह-जीचे नारळ फोडून मोकळे झाले होते. सार्वजनिक विहीर बुजू द्यायची, आणि मग लोकांना म्हणायचं, पाटलाच्या विहिरीवर जा, पाणी गोड आहे. आज ब्रॉडबँडच्या दहा गिऱ्हाइकांपैकी आठ जिओ आणि एअरटेल या दोघांच्या दावणीला आहेत.

आणि २२ एप्रिल २०२०. लॉकडाऊन. आपले लोक डोक्यावर बोचकं घेऊन हमरस्त्यानं गावाकडं चालत होते. त्या दिवशी फेसबुकनं जिओचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला, ४३ हजार ५७४ कोटींना. जुलैत गुगल आलं, ३३ हजार ७३७ कोटी घेऊन. चार वर्षांपूर्वी ज्याला पुढच्या दारातून हाकललं, तो मागच्या दारानं आला आणि घराचाच हिस्सेदार झाला. पूर्वी तो टोलनाक्यावर हुज्जत घालत होता, आता रस्त्यातच त्याची भागीदारी.

कुठं गेले ते दहा लाख इमेल? एकही मोर्चा नाही, एकही चांदणी नाही. कारण त्यांचं इंटरनेट चालू होतं, स्वस्त होतं, घरून काम चाललं होतं. आणि त्याच वर्षी जूनच्या पहिल्या दिवशी केरळात मलप्पुरम जिल्ह्यात एका शाळकरी दलित मुलीनं जीव दिला. ऑनलाइन शाळा सुरू झाली, घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीतच लिहिलेलं होतं, की खेड्यातल्या शंभर घरांपैकी पंधराच घरांत इंटरनेटची सोय आहे. हे सरकारला ठाऊक होतं. तरी शाळा फोनवर गेली.

आता आईची गोष्ट सांगतो. माझी आई झाडलोटीच्या कामाला जाते. तिच्याकडं साधा बटणाचा फोन आहे. तिला इंटरनेट नको, मुकादमाचा फोन आला पाहिजे, बास. पण आधीचे ते दिवस गेले, की बॅलन्स संपला तरी येणारा फोन यायचा. २०१८ च्या शेवटाला कंपन्यांनी ठरवलं, रिचार्ज नाही तर आत येणंही बंद. म्हणजे घराला कुलूप मालकाचं. आणि महिना किती दिवसांचा? अठ्ठावीस. कॅलेंडरमध्ये बारा महिने, रिचार्जच्या पंचांगात तेरा. आईला कुणी शिकवलं नाही, पण तिनं बोटांवर मोजून मला विचारलं, ‘आरं, मला पगार बारा अन् ह्यांना तेरा कसं?’ अर्थशास्त्राच्या कुठल्या प्राध्यापकाला असा प्रश्न पडला का? ट्रायनं २०२२ मध्ये सांगितलं, निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवा. एक! डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं, ज्याला डेटा नको त्याला नुसता बोलायचा प्लॅन द्या. दिले. त्यातही हप्ते असे, की एकदम चार पैसे जास्त टाकायची ज्याची ऐपत तोच वाचवणार. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकदम दर चढवले होते. त्या आठवड्यात आईचा फोन तीन दिवस मुका होता. मुकादमानं दुसरीला बोलावलं. तीन दिवसांची मजुरी गेली. नेट न्यूट्रॅलिटीच्या कुठल्या पुस्तकात हे बसतं ते मला सांगा.

कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के वर्षानुवर्षं कापून एक फंड केलाय. खेड्यापाड्यात, ज्यांना परवडत नाही त्यांच्यापर्यंत फोन न्यायचा म्हणून. पूर्वी यूएसओ फंड म्हणत, २०२३ च्या नव्या कायद्यानं त्याचं ‘डिजिटल भारत निधी’ असं बारसं केलं. त्यातला मोठा वाटा कित्येक वर्षं नुसता पडून राहिला. २०११ मध्ये ठरलं, अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर देऊ. तेच पुढं भारतनेट झालं. तार आली तर पेटी बंद, पेटी चालू तर लाइट नाही. आणि तार ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी ग्रामपंचायत असते गावात. आपली वस्ती गावाबाहेर. शेवटचे ते पाचशे पाऊल कुठल्याच योजनेत मोजलेले नसतात.

*

हे सगळं ऐकून आपली तरणी पोरं म्हणतात, दादा, पण आपण ट्रेंड करतो ना! आपल्या हॅशटॅगला सरकार घाबरतं. घाबरतं, बाबा. मी नाही म्हणत नाही. २००६ मध्ये खैरलांजी झालं तेव्हा पेपरांनी महिनाभर तोंड फिरवलं. चार माणसं कापली आणि बातमी कोपऱ्यात. इमेलवरून, ब्लॉगवरून, सत्यशोधन अहवालांतून ते बाहेर आलं आणि मग रस्ते पेटले. तेव्हा आपल्यातल्या किती जणांकडं कॉम्प्युटर होता? बोटांवर मोजण्याइतक्या. तेवढ्यांनी केलं.

२० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचे दात काढले. खटला आपल्या कराडच्या एका कॉलेजातून गेलेला. तारीख बघा, २० मार्च. चवदार तळ्याची. दोन आठवड्यांत, २ एप्रिलला, भारत बंद झाला. कुठल्या मोठ्या पक्षानं नाही, कुठल्या पुढाऱ्यानं नाही, फोनाफोनीनं झाला. ग्वाल्हेर, भिंड, मुरैनाकडं गोळ्या झाल्या, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टानं आपले ते आदेश आपणच मागं घेतले. ही ताकद आहे. पण पंजाबात काय झालं ते विसरू नका. बंदच्या आदल्या दिवशीच तिथल्या सरकारनं मोबाइल इंटरनेट तोडलं. रस्त्यावर उतरायच्या आत आपलं तोंड बांधलं. मेसेज निघून गेले होते म्हणून बंद झाला. पुढच्या वेळी आणखी एक दिवस आधी तोडतील.

२०१७ मध्ये इंटरनेट तोडायचे नियमच केले, २०२३ च्या कायद्यात ती सत्ता पक्की केली. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये म्हटलं, बेमुदत तोडू नका, हुकूम लोकांसमोर ठेवा. कोण ठेवतो? जगभरच्या अशा तोडण्याची मोजदाद अ‍ॅक्सेस नाऊ ठेवते. २०१८ पासून २०२३ पर्यंत सलग सहा वर्षं पहिला नंबर आपल्या महान लोकशाहीचा. २०२४ मध्ये म्यानमारच्या लष्करशाहीनं आपल्याला एका आकड्यानं मागं टाकलं.

एक चावी सरकारकडं. दुसरी मालकाकडं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचा तेव्हाचा मुख्य जॅक डोर्सी भारतात आला. एका दलित कार्यकर्तीनं दिलेलं, ब्राह्मणी पितृसत्ता मोडा म्हणणारं पोस्टर हातात धरून त्यानं फोटो काढला. झालं! सवर्णांची पळापळ. दोन दिवसांत कंपनीनं माफी मागितली. एका पोस्टरसाठी! एप्रिल २०२२ मध्ये गुगलच्या लोकांसमोर थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवर भाषण ठरलं होतं. आतल्याच काही जणांनी ओरड केली, भाषण रद्द. ज्या बाईनं ते ठरवलं होतं तिनं नोकरी सोडली. तर पोरांनो, हा तुमचा फलाट. त्याच्या मालकाच्या कचेरीत जात पासपोर्ट घेऊन पोचलेली आहे, आणि आपण त्याच्या ओट्यावर बसून जातिअंताची भाषणं करतोय. करा, पण ओटा कुणाचा हे ध्यानात ठेवून करा.

आणि राईनपाडा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून जगणारे, बहुतेक पार सोलापूर जिल्ह्यातले. जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून मारले. त्यांच्या हातात ना फोन, ना हॅशटॅग. भटक्याचा जीव घ्यायला आधी गावाला चावडीवर जमावं लागायचं, आता चावडी प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं, म्हणजे फेसबुकनंच, पुन्हा पान पान जाहिराती दिल्या. खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात, दहा सूचना. एक मेसेज एका वेळी पाचांनाच पाठवता येईल असं केलं. पाच! मेलेही पाचच होते.

म्हणून म्हणतो, यंत्राला देव करू नका आणि राक्षसही करू नका. ते कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. टिळकांच्या पेपरात जागा विकत मिळत होती, आपल्याला मिळत नव्हती. बाबासाहेब ‘केसरी’च्या दारात धरणं धरून बसले का? त्यांनी पेपर काढला, बंद पडला, दुसरा काढला, तिसरा काढला, पुढं छापखाना उभा केला. त्या बुद्धभूषण छापखान्याची वास्तू जून २०१६ मध्ये पहाटेच्या अंधारात दादरला बुलडोझरनं पाडली. ट्रायच्या विजयाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. इंटरनेट मोकळं झाल्याचे पेढे खाऊन झाले होते आणि आपला छापखाना ढिगाऱ्यात होता.

तेव्हा मी तीन-चार गोष्टी मागतोय, कुणाला पटोत न पटोत. ट्रायचा प्रत्येक कागद मराठीत आला पाहिजे आणि तो वस्तीवस्तीत मोठ्यानं वाचला पाहिजे. पुढच्या खेपेला इंग्रजीतलं तयार उत्तर नको, शाईनं लिहिलेली दहा हजार पोस्टकार्डं जाऊ द्यात, आईचा तेरा महिन्यांचा हिशोब त्यात असू द्यात. येणारा फोन पैशांवाचून बंद करता येणार नाही, असा नियम पाहिजे. बीएसएनएल मोडीत काढायची भाषा करणाऱ्याला मत नाही. आणि आपल्या कार्यकर्त्यांचे नंबर नुसते फोनात नकोत, वहीत पाहिजेत. इंटरनेट तुटलं तर कोण सायकलवर कुठं निरोप नेणार हे आजच ठरलेलं पाहिजे. आमच्या तालुक्यात ती वही झालीय. सत्तावीस वस्त्या, चोपन्न माणसं, त्यात एकोणीस बाया.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची पेटी आहे. चार वर्षं बघतोय, दिवा लागलेला नाही. ग्रामसेवक म्हणतो, किल्ली जुन्या सरपंचाकडं. जुना सरपंच म्हणतो, मी चार्ज देताना दिली. रविवारी सकाळी दहाला आम्ही पंधरा जण तिथं जाऊन बसणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावं. येताना पाण्याची बाटली आणा, तिथल्या नळाला पाणी नसतं.